ठेका कुणी धरायचा

मास्तरांची बायको रविवारी गायची आणि उरलेले सहा दिवस रविवारची वाट बघायची. तिने हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. पण शुक्रवारपासून तिच्या चालण्यात फरक पडे, शनिवारी भांडी घासताना ती हळूच वरच्या पट्टीत जाऊन येई, आणि सोमवारी तिच्याशी कामापुरतंच बोललेलं बरं असे. सव्वीस वर्षांच्या संसारात एवढंही ओळखता आलं नाही तर तो नवरा कसला. त्यामुळे मागच्या रविवारी मास्तर घाबरले ते झालेल्या घोळामुळे नव्हे. घरी येताना बसमध्ये बायको खिडकीबाहेर बघत बसली आणि सहा थांबे एक शब्द बोलली नाही, त्यामुळे.

मास्तर म्हणजे शिंपी. रस्त्याच्या कोपऱ्यावर दुकान, दर्शनी काच, काचेत एक बिनमुंडक्याचा पुतळा. पुतळ्याच्या अंगावर गेली चार वर्षं एकच कोट आहे, कारण ज्याने तो शिवायला टाकला तो मधल्या काळात इतका सुटला की न्यायला यायची त्याला लाज वाटते. मास्तरांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, लिफ्ट दुरुस्त करायचा. दोघांचे धंदे सांगितले की दोघांचं भांडण अर्धं सांगून झालं. शिंप्याच्या मते कुठल्याही शिवणीत दोन बोटं कापड जास्तीचं ठेवावं; माणूस सुटतो, आटतो, श्वास घेतो. लिफ्टवाल्याच्या मते लिफ्ट मजल्याला लागली पाहिजे म्हणजे लागलीच पाहिजे. अर्धा इंच जरी वर राहिली तरी कुणीतरी तोंडावर पडतं.

अशा दोन माणसांनी एकत्र वाजवू नये. पण नाती काही विचारून जुळत नाहीत. मास्तर तरुणपणापासून कीबोर्ड वाजवायचे, मेहुण्याने एक ड्रम मशीन घेतलं होतं, आणि मधे ती होती, एकाची बायको आणि दुसऱ्याची ताई, जिचा गळा चांगला होता. सहा वर्षांपूर्वी वस्तीतल्या सभागृहात दर रविवारी चार ते सहा या वेळात निवृत्त मंडळींसाठी नाच सुरू झाला आणि तिथे या तिघांची वर्णी लागली. लाकडी फरशी, भिंतीलगत घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाची मोठी किटली, आणि चाळीसेक म्हातारी माणसं, जी आठवडाभर गुडघे चोळून रविवारी चारच्या ठोक्याला जोडीजोडीने उभी राहत. पैसे नावापुरते मिळत. बायकोला मात्र तिथे माणसं कान देऊन ऐकत, आणि तिला घरात असं कुणी ऐकलं नव्हतं. हे शेवटचं वाक्य मास्तरांना आवडलं नसतं, पण खरं आहे ते आहे.

वेगावरून दोघांची कुरबूर पहिल्यापासूनच होती. मेहुणा ड्रम मशीनवर मिनिटाला एकशे अठरा ठोके लावी, मास्तर म्हणत एकशे बारा. गाणं सुरू व्हायच्या आधी दोघांत भाजीबाजारासारखी घासाघीस चाले आणि कुठल्यातरी मधल्या आकड्यावर दोघेही नाराज होऊन थांबत. तेवढ्यावर निभत होतं. मग गेल्या महिन्यात मास्तरांचा जुना कीबोर्ड बसला आणि त्यांनी नवा घेतला. या नव्याच्या पोटात स्वतःचे ढोल होते, स्वतःचा बेस होता, आणि स्वतःचं घड्याळही होतं.

मेहुणा लॉटरी लागल्यासारखा खूश झाला. "आता मिडी," तो म्हणाला, आणि मास्तरांच्या कापायच्या टेबलावर त्याने दोन जाड काळ्या तारा ठेवल्या, टोकाला पाच-पाच टाचण्यांचं गोल डोकं असलेल्या. "भाऊजी, या तारेतून आवाज जात नाही. नुसते हुकूम जातात. कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली. तुम्ही तुमच्याकडे बोट ठेवायचं, वाजणार माझ्याकडचा बेस. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे यातून टिकटिक जाते. एका ठोक्याला चोवीस वेळा. माझं आणि तुमचं यंत्र एका पावलाने चालणार. भांडणच संपलं."

"टिकटिक कुणाची?" मास्तरांनी विचारलं.

घोडं अडलं ते इथेच. दोन्ही यंत्रांच्या पोटात एक-एक घड्याळ, आणि दोन्हींच्या पडद्यावर, मेन्यूची चार दारं उघडून आत गेल्यावर, एकच प्रश्न विचारलेला असतो: आतलं की बाहेरचं. 'आतलं' लावलं की यंत्र स्वतःच्या घड्याळाने चालतं आणि कुणाचं ऐकत नाही. 'बाहेरचं' लावलं की ते तारेकडे कान लावून बसतं आणि पलीकडून टिकटिक येईल तसं मुकाट्याने चालतं. एकाने आतलं लावायचं, दुसऱ्याने बाहेरचं. शेंबडं पोरही सांगेल इतकं सोपं आहे.

"अर्थात माझं आतलं," मेहुणा म्हणाला. "माझा ड्रमच आहे."

"तू मागाहून आलेला माणूस," मास्तर म्हणाले. "गाणं मी उचलतो. टिकटिक माझी."

महिनाभर कुणीच हटलं नाही. तालमीला आणि कार्यक्रमातही मास्तर आपला ठेका बंद ठेवून वेळ मारून नेत. पण मागच्या रविवारी तिसऱ्या गाण्याला त्यांच्या अंगात आलं आणि त्यांनी आपला ठेका सुरू केला. एकशे बाराने. पलीकडे मेहुण्याचा चालूच होता, एकशे अठराने. तारा जोडलेल्या होत्या, पण दोन्ही यंत्रांना आपापल्या मालकांनी बजावून ठेवलं होतं की कुणाचं ऐकायचं नाही. मिनिटभरात ड्रम सहा ठोके पुढे गेला. निम्मी मंडळी ड्रमबरोबर वळली, निम्मी कीबोर्डबरोबर. औषधाच्या दुकानातले निवृत्त आजोबा मुख्याध्यापिकाबाईंना घेऊन डावीकडे निघाले ते थेट दुसऱ्या जोडीवर जाऊन आदळले, आणि त्यांचं श्रवणयंत्र उडून पडलं. ते नंतर कुणाच्यातरी बुटात सापडलं. बायको दोन्हींना धरायचा प्रयत्न करत एक ओळ दोनदा गायली, मग तिने माईक खाली केला आणि नुसती उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

सभागृहाच्या व्यवस्थापिकाबाई बोलायला मोजक्या होत्या. "रेकॉर्ड लावली तर निदान ती स्वतःशी भांडत नाही," त्या म्हणाल्या. "पुढचा रविवार बघते. नाहीतर मी माझी दुसरी सोय करते."

म्हणजे बायकोचा रविवार आता एका धाग्यावर लटकत होता, आणि तो धागा शिंप्यानेच उसवला होता.

मंगळवारी जेवताना ती पहिल्यांदा बोलली. तोवर मास्तरांनी तीन वेळा मीठ मागितलं होतं, नुसता आवाज ऐकायला. "मला इतकी वर्षं वाटायचं, मी गाते आणि तुम्ही दोघं मला साथ करता," ती म्हणाली. "आता कळलं. तुम्ही दोघं भांडता, आणि मधल्या वेळात मी गाते." एवढं बोलून तिने ताटं उचलली. मास्तरांचं अजून अर्धं जेवण राहिलं होतं, पण ते मागायची त्यांची छाती झाली नाही.

बुधवारी मेहुणा आला, हातात यंत्राचं माहितीपुस्तक घेऊन. ते त्याने इतकं वाचलं होतं की पानं सुटली होती. दुकान बंद झालं होतं. पुतळ्याच्या पायाशी दोघं स्टुलांवर बसले.

"हे बघा, स्पष्ट लिहिलंय. पुढे एकानेच चालायचं."

"चालू दे ना. मी चालतो."

"तुम्ही चालत नाही भाऊजी, तुम्ही रेंगाळता. तुम्हाला गाण्यात आरामखुर्ची लागते."

"आणि तुझं गाणं म्हणजे सातव्या मजल्यावरनं सुटलेली लिफ्ट. आतल्या माणसाचं काय होईल याचा विचार नाही."

"माझी एकही लिफ्ट सुटलेली नाही," मेहुणा दुखावून म्हणाला, आणि ते खरंही होतं. मग त्याने पुस्तक मिटलं. "ताईचा विचार करा जरा."

"तिचाच करतोय मी."

"मीही तिचाच करतोय."

आणि तिचाच विचार करत दोघं पाऊण तास तिच्यावरून भांडले. ती वरच्या मजल्यावर इस्त्री करत होती. तिला सगळं ऐकू येत होतं, पण तिला कुणी हाक मारली नाही.

शनिवारी सकाळी मास्तर एका ओव्हरकोटाचं अस्तर लावत बसले होते. वरून दर शनिवारी येणारा आवाज आज येत नव्हता. भांडी घासल्याचा आवाज येत होता, नुसत्या भांड्यांचा. मास्तरांनी सुई कापडात खोचून ठेवली.  मग उठून मागच्या खोलीत गेले, कीबोर्डवरचं पांघरूण काढलं, चार दारं उघडून आत शिरले आणि आजूबाजूला कुणी नाही असं बघून 'बाहेरचं' लावलं.

झालं. मास्तरांनी माघार घेतली होती. आता मेहुण्याची टिकटिक तारेतून येईल आणि मास्तरांचं यंत्र खाली मान घालून तिच्यामागे जाईल, एकशे अठरा तर एकशे अठरा. गुडघ्यांचं जे व्हायचं ते होवो, पण रविवार वाचेल.

मात्र हे सांगायचं कुणाला नाही, हेही त्यांनी तिथेच ठरवलं. सांगितलं असतं तर मेहुण्याने "मी म्हणत नव्हतो?" हे वाक्य पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात, बारशात आणि आजारपणात ऐकवलं असतं. शिवाय गुपचूप केलेल्या त्यागाची गोडी वेगळीच असते. दिवसभर मास्तर मोठ्या मनाने वावरले. एका गिऱ्हाइकाची पँट त्यांनी न सांगता दोन सूत सैल केली. दुसऱ्याला म्हणाले, "माणसाने थोडं सोडायला शिकावं हो," आणि तो बिचारा आपल्या पोटाबद्दल बोलले असं समजून पोट आत ओढून उभा राहिला. संध्याकाळी आरशासमोर उभं राहून, आपण मागे चालत असतानाही पुढे चालल्यासारखं तोंड कसं करायचं, याचा सराव त्यांनी करून घेतला.

रविवारी तिघं साडेतीनला सभागृहात पोचले. सामान लावताना मास्तरांच्या लक्षात आलं की मेहुणा आज फार गोड बोलतोय. "भाऊजी, तुम्ही बसा, तारा मी लावतो." "भाऊजी, तुम्हाला उजेड पुरतोय ना?" एवढंच नाही तर त्याने स्वतः जाऊन चहा आणला. मास्तरांना शंका आली की याचं काहीतरी शिजतंय. मग त्यांना वाटलं, जिंकलेला माणूस असाच वागतो. पण मी हरलोय हे याला कसं कळलं? त्यांनी चहा घेतला आणि दुप्पट गोड होऊन म्हणाले, "तू आहेस म्हणून सगळं चालतंय बाबा."

मेहुण्याने त्यांच्याकडे चमकून बघितलं.

पट्ट्या दाबून बघितल्या, आवाज नीट येत होता. ड्रमच्या पॅडवर मेहुण्याने दोन बोटं मारली, तोही नीट. बायकोने माईकमध्ये एक-दोन-तीन म्हटलं. मग ती म्हणाली, "एकदा ठेका लावून बघूया का?"

"नको," दोघं एकदम म्हणाले.

तिने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "बरं," ती म्हणाली. तिने निळा पोशाख घातला होता, जो मास्तरांनी सहा वर्षांपूर्वी याच कामासाठी शिवला होता आणि दर वर्षी थोडा थोडा सैल करून दिला होता.

चारला मंडळी उभी राहिली. औषधवाल्या आजोबांनी श्रवणयंत्र कानात घट्ट बसवून वर टोपी घातली होती. व्यवस्थापिकाबाई दाराशी हाताची घडी घालून होत्या. वीस उजवे हात वीस खांद्यांवर गेले. मास्तरांनी मेहुण्याकडे मान हलवली, म्हणजे कर सुरू. मेहुण्याने मास्तरांकडे मान हलवली. मास्तरांनी पुन्हा हलवली. मग वेळ जातोय असं बघून दोघांनी एकदमच आपापली बटणं दाबली.

काही झालं नाही.

दोन्ही यंत्रांवरचे छोटे दिवे लुकलुकत होते. मास्तरांनी बटण पुन्हा दाबलं. दिवा लुकलुकला. मनात त्यांनी मेहुण्याला आठवतील त्या शिव्या घातल्या: हा मुद्दाम थांबवून धरतोय, सगळ्यांसमोर मला नाक घासायला लावतोय. त्यांनी डोळे वटारून पलीकडे बघितलं. पलीकडून मेहुणा तसेच डोळे वटारून बघत होता.

"वीज गेली का?" मंडळीतून कुणीतरी विचारलं.

"छे, दिवे आहेत की."

म्हातारी माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून ताटकळत होती. व्यवस्थापिकाबाईंनी हाताची घडी सोडली. आणि मास्तरांना एकदम कळलं. चहा, उजेड, गोड बोलणं, सगळं कळलं. मेहुण्यानेही 'बाहेरचं' लावलं होतं. दोन्ही यंत्रं तारेला कान लावून दुसऱ्याच्या टिकटिकीची वाट बघत होती, आणि प्रलयापर्यंत तशीच बघत राहिली असती.

मास्तरांना गहिवरून आलं. हा काटकुळ्या मानेचा पोरगा, ज्याच्या लग्नाच्या कोटाचं माप घेताना त्यांनी गळ्याला दोन बोटं जास्त सोडली होती, यानेही बहिणीसाठी मान खाली घातली होती आणि तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. पण गहिवराला वेळ नव्हता. दुरुस्ती सोपी होती. मास्तर झटकन पडद्यावर वाकले, चार दारं उघडायला लागले, 'आतलं' लावणार इतक्यात त्यांना दिसलं की मेहुणाही आपल्या पडद्यावर वाकलाय. म्हणजे दोघांचं 'आतलं' होणार, आणि पुन्हा श्रवणयंत्र उडणार. मास्तर दचकून ताठ झाले. मेहुण्याला तेच सुचलं असावं, तोही ताठ झाला. दोघं थांबले. तो करत नाही असं बघून मास्तर पुन्हा वाकले, मेहुणाही वाकला. दोघं ताठ झाले. अरुंद दारात समोरासमोर आलेली दोन सभ्य माणसं जशी एकाच बाजूला सरकत राहतात, तसं त्यांचं तीनदा झालं. चाळीस माणसं बघत होती.

बायकोने माईक स्टँडला लावला. ती चालत आली, कीबोर्डच्या मागे हात घालून तिने दोन्ही तारा उपटल्या आणि खुर्चीवर ठेवल्या.

"यंत्रांचे ठेके राहू द्या," ती हळू आवाजात म्हणाली. "हाताने वाजवा. आणि माझ्याकडे बघा."

"किती वेग, ताई?" मेहुण्याने विचारलं.

"बघा म्हटलं ना."

ती परत जागेवर गेली आणि तिने लाकडी फरशीवर टाच टेकवली. मग पुन्हा. मग पुन्हा. मास्तरांना वाटलं, ही थांबणार, इतका सावकाश कुणी ठेका धरतं का? पण टाच पुन्हा पडली, अगदी वेळेवर, आणि त्यांना कळलं की वेग हाच आहे. यंत्राच्या बेसमुळे महिनाभर नुसता पडून असलेला त्यांचा डावा हात कामाला लागला. मेहुण्याने पॅडवर दोन बोटांनी ठेका धरला. त्याची नजर बहिणीच्या पायाकडे होती, आयुष्यात पहिल्यांदा आकड्याकडे नव्हती.

निरोपाचं गाणं होतं ते, पण सहा वर्षं दर रविवारी सुरुवातीलाच गायलेलं. मास्तरांना ते पाठ होतं, म्हणजे त्यांना तसं वाटत होतं. दुसऱ्या कडव्यात एक लांब ओळ आहे. ती ओळ बायको नेहमी शेवटाला दम तुटल्यासारखी सोडून द्यायची, आणि मास्तर समजायचे की वयाने होतंय. आज त्या ओळीच्या मध्यावर ती थांबली, सावकाश श्वास घेतला, आणि उरलेली ओळ अशी गायली की मुख्याध्यापिकाबाईंनी डोळे मिटले. त्या ओळीत श्वासाला जागा आहे हे मास्तरांना माहीतच नव्हतं. गावभरच्या कोटांना दोन बोटं जास्तीची ठेवणारा हा शहाणा माणूस, आपल्या बायकोला सहा वर्षं घट्ट मापात गायला लावत होता. त्यांना इतकी लाज वाटली की एक स्वर चुकला. कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळे तिच्याकडे बघत होते.

मंडळी नाचली. न धडकता, न दमता सहापर्यंत नाचली. शेवटी खुर्च्यांच्या घड्या घालताना व्यवस्थापिकाबाई जवळ आल्या. "पुढच्या रविवारी थोडं लवकर या," त्या म्हणाल्या. "फरशी पुसायची आहे, सामान आधी लागलेलं बरं." 

बसमध्ये तिघं एका बाकावर दाटीवाटीने बसले. मेहुणा मांडीवरच्या ड्रम मशीनचं एक बटण बोटाने ताईच्या ठेक्यात दाबत होता आणि पडद्याकडे बघत होता. "एकशे चार," तो शेवटी म्हणाला. "भाऊजी, तुम्ही बारा म्हणत होतात, मी अठरा. ताईचं एकशे चार."

मग तो बहिणीकडे वळला.

"ताई, तू कधी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "पहिल्याच महिन्यात. मी म्हटलं, थोडं सावकाश घ्या. तू म्हणालास, मशीनवर चांगलं वाटणार नाही. मग मी यांना विचारलं. हे म्हणाले, तो म्हणतोय तर बरोबर असेल." तिने खिडकीबाहेर बघितलं. "तेवढ्या एका गोष्टीवर तुमचं एकमत झालं होतं."

पुढचे चार थांबे कुणी बोललं नाही. पण यावेळी गप्प बसण्याचं काम त्या दोघांकडे होतं.

बुधवारी मेहुणा एक पत्र्याची डबी घेऊन दुकानात आला. डबीला दोन पेडलं होती आणि मागे मिडीच्या दोन तारा लावायची सोय. दोन रात्री जागून त्याने ती जोडली होती. मास्तरांनी पेडलांवर जाड कापडाची गादी शिवून बसवली, कारण ती चपला काढून गायची. मग दोघांनी तिला वरून हाक मारली. दोघांनी, एकदम.

"हे बघ ताई," मेहुणा म्हणाला. "या पेडलवर तू पायाने ठेका दे, वेग तोच धरला जाईल. हे दुसरं दाबलं की सगळं थांबणार, पुन्हा दाबलं की तिथूनच पुढे चालू. आम्ही दोघांनी 'बाहेरचं' लावलंय. टिकटिक तुझी. तू नाही दिलीस तर आम्ही नुसते उभे."

"ते तर तुम्ही परवाही होतात," ती म्हणाली. पण तिने पाय ठेवून बघितला. गादी नीट बसली होती.

रविवारी चारला तिने पहिल्या पेडलवर चार ठोके दिले. ड्रम सुरू झाला, बेस सुरू झाला, मास्तरांचा कीबोर्डही सुरू झाला, सगळं एका पावलाने, एकशे चारने. मंडळी फिरू लागली. पहिलं कडवं गेलं. दुसऱ्या कडव्यात ती लांब ओळ आली. ओळीच्या मध्यावर बायकोने दुसरं पेडल दाबलं.

सगळं थांबलं. मास्तरांचे हात पट्ट्यांवर अधांतरी राहिले, मेहुण्याची बोटं पॅडवर. चाळीस माणसं एकमेकांना धरून, एक पाय पुढे टाकण्याच्या बेतात उभी होती, आणि कुणालाही घाई नव्हती. तिने एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा भावाकडे. दोघंही तिच्याकडेच बघत होते. तिने पोटभर श्वास घेतला, अगदी सावकाश, पाहिजे तेवढा वेळ लावून, आणि मग पाय टेकवला.